सर्व्हरच्या दोन वह्या

फोन आला तेव्हा मी ओसरीवर मेथी निवडत बसले होते. लोणी काळभोरला आमच्या घरी दुपारी येणारे फोन बँकेचे नाहीतर प्लॉट विकणाऱ्यांचे असतात, म्हणून पहिल्यांदा मी तो उचललाच नाही. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा वैतागून घेतला. "मी उज्ज्वला रणपिसे बोलतेय, वारज्याहून. हे परवा गेले... हृदयाचं होतं. रविवारी पुण्यानुमोदन आहे, जमलं तर या." आवाज अगदी सरळ होता, शाळेतल्या बाई सूचना वाचतात तसा. मी काहीतरी उत्तर दिलं असेल, काय ते आठवत नाही. निवडलेली आणि न निवडलेली मेथी मी एकाच टोपलीत टाकली होती, हे मात्र सासूबाईंनी नंतर दाखवून दिलं.

रविवारी मी गेले, रणपिसे माझ्या जुन्या ऑफिसातले. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत बसायला जागा नव्हती, मी दाराशी उभी राहिले. बुद्धवंदना झाली, मग एकेक जण उठून बोलले. वारज्यात त्यांनी अखेरची काही वर्षं कॉम्प्युटरचा क्लास चालवला होता, तिथला एक विद्यार्थी म्हणाला की सरांना एकच गोष्ट कितीही वेळा विचारा, ते तितक्याच शांतपणे पुन्हा सांगायचे. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी मान खाली गेली, कारण "कितीही वेळा" म्हणजे किती, हे माझ्याइतकं कोणी तपासून पाहिलेलं नव्हतं. निघताना उज्ज्वलाताई दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, जगतापबाई, एकदा सवडीनं या, तुमच्याकडे एक काम आहे.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं असा रिवाज आहे. रणपिसेंबद्दल चांगलं लिहायला मला काहीच अडचण नाही, अडचण आहे ती माझ्याबद्दल लिहायची. त्यांना हवी असलेली नोकरी माझ्यामुळे गेली. मी ती जाऊ दिली, समजून उमजून. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही.

आमचं ऑफिस गुलटेकडीला, बटाट्याच्या एका गोदामावर होतं. पाण्याच्या पाइपलाइनचे आणि रस्त्यांचे नकाशे काढून द्यायचं काम. मी लागले तेव्हा नकाशे ट्रेसिंग पेपरवर शाईने काढायचो, पाच-सहा वर्षांत सगळे कॉम्प्युटरवर आले. मग एकच नकाशा चौघांच्या मशीनवर चार तऱ्हांचा सापडायला लागला आणि खरा कोणता यावरून भांडणं व्हायला लागली. तेव्हा रणपिसेंनी साहेबांना सांगितलं की सगळे नकाशे एकाच मशीनवर, म्हणजे सर्व्हरवर ठेवू, प्रत्येकाने आपल्या जागेवरून उघडायचे. रणपिसे खरं तर डिप्लोमा झालेले ड्राफ्ट्समन. येरवड्याला वाढलेले, वडील छापखान्यात खिळे जुळवणारे, जुळारी. सर्व्हर चालवणारं लिनक्स त्यांनी एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून स्वतःच शिकून घेतलं होतं. फुकट म्हटल्यावर साहेबांनाही ते लगेच पटलं.

सर्व्हर ठेवला चहाच्या खोलीत. पूर्वी तिथे स्टोव्ह असायचा, भिंतीवर काजळीचा पट्टा शेवटपर्यंत होता. खिडकी नाही. एसी लावल्यामुळे दार कायम बंद. आत एक टेबल आणि एक खुर्ची, आणि दार उघडायचं असेल तर खुर्चीवरच्या माणसाने उठून खुर्ची टेबलाखाली सारायची. आत गेलेल्या माणसाला बाहेर यायलाही तेवढाच खटाटोप. रणपिसे त्या खोलीत हळूहळू मुक्कामालाच गेले. ड्राफ्टिंग बोर्डावरचा उत्तम हात असलेला माणूस, पण त्यांचा दिवस बंद दारामागे लोकांचे पासवर्ड सोडवण्यात जायला लागला.

कारण भांडणं थांबली, पण रोज कोणीतरी दारावर टकटक करायचंच. "रणपिसे, मला आत घेत नाहीये." तेव्हाच्या विंडोजची एक खोड होती, ते नाव विचारायचंच नाही, नुसता पासवर्ड मागायचं. ज्या नावाने मशीन सुरू केलं, तेच नाव ते मुकाट्याने सर्व्हरला कळवायचं. त्यामुळे दुसऱ्याच्या जागेवर बसलेला माणूस स्वतःचा पासवर्ड दहा वेळा दाबायचा आणि अकराव्यांदा सर्व्हरच्या आईबापाचा उद्धार करायचा. रणपिसे बाहेर येऊन शांतपणे विचारायचे, "आपण कोणाच्या खुर्चीत बसला आहात?" बस, एवढंच. तो माणूस ओशाळून उठायचा.

खरी मेख मात्र दुसरी होती, आणि ती त्यांनी मला समजावली तेव्हा मला फार आवडली होती. सर्व्हरकडे दोन वह्या असतात, ते म्हणाले. एका वहीत मशीनवर कोणकोण राहतं त्यांची नावं. दुसरी वही सांबाची. सांबा म्हणजे विंडोजवाल्यांना फायली वाटून देणारा कारभारी. तो पहिली वही बघतो, पण पासवर्ड मात्र स्वतःच्याच वहीतला मानतो. तेव्हा माणसाचं नाव दोन्हीकडे पाहिजे. एका वहीत पासवर्ड बदलला म्हणून दुसरीत आपोआप बदलत नाही. "म्हणजे रेशनकार्डावर नाव आहे, पण दुकानदाराच्या यादीत नाही, असं," मी म्हटलं. ते हसले. "बाई, तुम्हाला सांगायला सोपं जातं," म्हणाले. हे पहिल्याच दिवशीचं बोलणं.

शिकवणी सुरू झाली होती ती अशी. रणपिसेंना हिंजवडीच्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळायची नोकरी लागली होती. पगार दुपटीहून जास्त, पण त्यांचा आनंद पगाराचा नव्हता. जे ते एका काजळलेल्या खोलीत एकट्याने चोरून शिकल्यासारखं शिकले, ते काम तिथे वीस माणसं उजेडात बसून करत होती. मुलाखतीहून आल्यावर त्यांनी मला तिथल्या खिडक्यांचंच वर्णन ऐकवलं होतं. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला हजर व्हायचं होतं, सोबत सोडल्याचं पत्र आणि मूळ प्रमाणपत्रं घेऊन. आणि आमच्याकडे रुजू होताना सगळ्यांचीच मूळ प्रमाणपत्रं साहेबांच्या लोखंडी कपाटात जात. साहेब म्हणाले, जा की, मी कोण अडवणार? फक्त सर्व्हर कोणाच्या तरी हवाली करा, आणि त्या माणसाने मला लिहून द्यायचं की काम पूर्ण समजलं आहे. सही झाली की कपाट उघडतो.

रणपिसेंनी माझं नाव सुचवलं. कौतुकानेच सुचवलं होतं. मी नीटनेटकी, अक्षर चांगलं, घाई नाही. बाकीचे ड्राफ्ट्समन स्वतःचा पासवर्ड लक्षात ठेवत नव्हते, ते सर्व्हर काय सांभाळणार.

मी मात्र लगेच वेळेचा हिशोब मांडला. सर्व्हर बंद पडायचा तो नेमका संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी नकाशे द्यायचे असले की. रणपिसे सात-साडेसातपर्यंत आत बसलेले असायचे. मला सव्वापाचला ऑफिस सोडून, हडपसरला बस बदलून घर गाठायचं असे. नोकरीची परवानगी मिळाली तेव्हाच सासूबाईंनी अट घातली होती, "दिवा लागायच्या आत उंबऱ्यात पाहिजे. न्हाय जमलं तर नोकरी सोडायची, मग माझ्याकडं रडत यायचं न्हाय." एकदा हडपसरच्या गर्दीत अडकून पाऊण तास उशीर झाला होता, तर आठवडाभर घरात माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. सर्व्हर घेतला असता तर महिन्याभरात घरी बसले असते. नको म्हणायचं तर साहेब म्हणणार, बायकांना जबाबदारी नको, नुसता पगार हवा. तेव्हा माणसं कमी करण्याचं त्यांच्या मनात घोळतच होतं. इकडे आड, तिकडे विहीर. "नाही" म्हणायची मला सोय नव्हती. "समजत नाही" म्हणायची होती. बाईला कॉम्प्युटरमधलं समजत नाही म्हटलं की कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही.

तेव्हा मी वेड पांघरून पेडगावला जायचं ठरवलं.

रोज जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास शिकवणी. खोलीत दुसरी खुर्ची मावत नसे, मी खुर्चीत आणि ते दाराला पाठ लावून उभे. पाचव्या दिवशी मला सगळं येत होतं. आज्ञा पाठ होत्या, त्या का द्यायच्या तेही कळलं होतं, बसमध्ये मी मनातल्या मनात त्या म्हणत असे. आणि सहाव्या दिवशी मी विचारलं, "दोन वह्या कशाला, ते परत सांगता?" त्यांनी सांगितलं. मग त्या आठवड्यात आणखी दोनदा सांगितलं. मी मुद्दाम चुकीचं अक्षर दाबायचे, डोक्याला हात लावायचे. समोर माझ्या उत्तरावर सुटका अवलंबून असलेला माणूस उभा, आणि उत्तर माझ्या ओठांवर.

एक तारीख आली. त्यांनी हिंजवडीला फोन करून महिनाभराची मुदत मागून घेतली.

त्या महिन्यातच ते झालं. थोरात म्हणून एक जुने जाणते ड्राफ्ट्समन नव्याने आमच्याकडे आले होते. रणपिसे त्यांचं नाव सर्व्हरवर चढवत असतानाच निरोप आला की वडिलांना दवाखान्यात नेलं आहे, आणि ते तसेच स्कूटर काढून गेले. महापालिकेत तीन वाजेपर्यंत द्यायचे नकाशे थोरातांकडे होते आणि सर्व्हर त्यांना काही आत घेईना. दोन वाजले. साहेब येरझाऱ्या घालायला लागले. थोरातांचा पहिलाच आठवडा, घाम फुटला होता त्यांना. मला जागेवर बसल्या बसल्या कळलं होतं काय झालंय ते, पहिल्या वहीत नाव आहे, दुसरीत चढवायचं राहिलं. साहेब फोन करायला केबिनमध्ये गेले तेव्हा मी पाण्याचा ग्लास घेऊन चहाच्या खोलीत शिरले. रणपिसे काम उघडंच टाकून गेले होते. एक ओळ, मग थोरात मघापासून मोठ्याने पुटपुटत होते तो पासवर्ड दोनदा. मिनिटसुद्धा लागलं नाही. पडद्यावरच्या ओळी पुसल्या, बाहेर आले आणि थोरातांना म्हटलं, परत एकदा करून बघा बरं. उघडलं. "आपोआप सुरू झालं वाटतं," मी म्हणाले, आणि थोरातांनी देवाचे आभार मानले.

अडीचला रणपिसे धावत जिना चढून आले. वडिलांना दाखल करून ते निघाले होते आणि रस्त्यात त्यांना आठवलं होतं की आपण थोरातांचं नाव अर्धवट सोडलं. समोर थोरात नकाशे गुंडाळत होते. रणपिसेंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग चहाच्या खोलीच्या दाराकडे, मग माझ्याकडे.

"बाई, आत कोणी गेलं होतं का?"

"नाही. आपोआप सुरू झालं."

"आपोआप," ते म्हणाले. "बरं."

मी वाट बघत होते की ते आता केबिनमध्ये जाऊन साहेबांना सांगतील. पाच पावलांवर तर होती. मी पेन्सिलींना टोक करत बसले. ते गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी नेहमीसारखी माझ्यासाठी खुर्ची ओढली, दाराला पाठ लावली आणि म्हणाले, "आज आपण पुन्हा पहिल्यापासून करू. दोन वह्या असतात..."

मी ऐकून घेतलं. आजही ते आठवलं की मला स्वतःची घाण वाटते. ते सगळं जाणून शिकवत होते आणि मी सगळं जाणून शिकत होते, आणि दोघांपैकी एकालाही दार उघडता येत नव्हतं.

दुसरी एक तारीख आली आणि गेली. हिंजवडीहून कळवलं की जागा भरली. पुढे अमेरिकेत काहीतरी बिघडलं आणि भरतीच थांबली. रणपिसेंनी माझी शिकवणी एका शनिवारी बंद केली, "राहू द्या बाई, आता घाई नाही," म्हणून. मला हायसं वाटलं. वाईटही वाटलं, पण आधी हायसंच वाटलं, हे लिहायला हवं. सव्वापाचला मला निघता येत राहिलं. ते त्या खोलीत आणखी सात वर्षं बसले, ऑफिस बंद होईपर्यंत. तेव्हा कपाटातून प्रमाणपत्रं निघाली, पण ती घेऊन कुठे जायचं वय राहिलं नव्हतं. मधल्या काळात त्यांनी मला एकदाही टोमणा मारला नाही, आणि टोमण्यात तर त्यांचा हात धरणारं ऑफिसात कोणी नव्हतं. साहेबांनासुद्धा सोडायचे नाहीत. मला मात्र सोडलं. ते मला जास्त लागायचं.

तर मागच्या आठवड्यात मी वारज्याला गेले. उज्ज्वलाताईंनी चहा दिला, मग आतल्या खोलीत नेलं. रणपिसेंनी घरीही एक जुनं मशीन सर्व्हर करून ठेवलं होतं. मुलाचे लहानपणापासूनचे फोटो, ताईंनी तीस वर्षं शाळेत शिकवताना काढलेल्या प्रश्नपत्रिका, त्यांच्या सासऱ्यांच्या आवाजातली गाणी, सगळं त्यावर. ताईंचा कॉम्प्युटर बंद पडला म्हणून मुलाने बंगळूरहून लॅपटॉप पाठवला होता, आणि त्यावरून ते काही उघडत नव्हतं. मुलाने फोनवरून सांगितलं तसा त्यांनी सर्व्हरवरचा आपला पासवर्ड बदलूनही पाहिला होता. तरी तेच. दुकानदार म्हणाला, सगळं पुसून नव्याने टाकू. त्यावर त्यांनी त्याला घराबाहेर काढलं होतं.

"मुख्य पासवर्ड ह्यांनी मला दिलेला आहे," त्या म्हणाल्या. "पुढे काय करायचं ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे."

मी म्हटलं, ताई, फार वर्षं झाली, आता मला काय...

"जगतापबाई, आता पुरे." त्यांचा आवाज चढला नाही. "त्या दिवशी दवाखान्यातून घरी आल्यावर ह्यांनी मला पहिली गोष्ट ती सांगितली, बाईंना सगळं येतं. मी म्हटलं, मग उद्या साहेबांना सांगा आणि मोकळे व्हा. तर म्हणाले, सांगितलं तर साहेब त्यांच्याकडून सही घेतील, आणि महिन्याभरात त्यांच्या घरचे त्यांना घरी बसवतील. मला दुसरी नोकरी मिळेल, त्यांना मिळायची नाही." त्यांनी टेबलाखालची खुर्ची ओढली. "ह्यांनाही नाही मिळाली."

मी रडले. माफी मागितली, जशी जमली तशी. त्यांनी मला थांबवलं नाही आणि जवळही घेतलं नाही. रडून झालं तेव्हा म्हणाल्या, "ह्यांचा तुमच्यावर राग नव्हता. माझा आहे. तो जाईल असं मला वाटत नाही. बसा आता."

मी रणपिसेंच्या खुर्चीत बसले. ताईंनी मुख्य पासवर्ड सांगितला, मी आत गेले. काय झालं होतं ते बघायचीही गरज नव्हती. त्यांनी पासवर्ड बदलला होता तो पहिल्या वहीतला. दुसऱ्या वहीत जुनाच होता, आणि तो फक्त बंद पडलेल्या कॉम्प्युटरला माहीत होता. मी आज्ञा लिहायला बोटं ठेवली, तेवढ्यात त्या म्हणाल्या, थांबा, तुम्ही करू नका, मला शिकवा. उद्या पुन्हा अडलं तर मी काय लोणीला येऊ?

मी उठले. त्या बसल्या, मी मागे उभी राहिले. सांगितलं, दोन वह्या असतात ताई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग स्वतः ओळ लिहिली, पासवर्ड दोनदा दिला, लॅपटॉपवर जाऊन उघडून पाहिलं. फोटोंच्या पेट्या एकेक करून पडद्यावर आल्या. त्यातलं त्यांनी काहीही उघडलं नाही. परत सर्व्हरकडे वळल्या आणि विचारलं, मुख्य पासवर्ड बदलायचा तर काय लिहायचं? मी तो शब्द सांगितला.

"बरं झालं, लगेच बदलते," त्या म्हणाल्या. "आता तो तुम्हालाही माहीत झालाय."

त्यांनी कीबोर्ड जवळ ओढला आणि माझ्याकडे पाहिलं.

"जरा तिकडे तोंड करा."

मी भिंतीकडे तोंड केलं, आणि त्या वळा म्हणेपर्यंत तशीच उभी राहिले.